शिकारीचा विचार सोडा, आधी कपाटातली बंदूक जमा करा

प्रश्न : आमचे गाव सागरेश्वर अभयारण्यापासून चार किलोमीटरवर आहे. टेक्सासमधील माझा मावसभाऊ दरवर्षी परवाना काढून हरणांची शिकार करतो. मलाही शिकायची आहे. आमच्या शाळूतही हरणे शिरतातच. आजोबांची बाराबोअर बंदूक घरी आहे. ते तीन वर्षांपूर्वी वारले. सुरुवात कोणत्या परवान्यापासून करावी?
– एक वाचक, कडेगाव तालुका, जि. सांगली

उत्तर : या अर्थाची पत्रे वरचेवर येतात, म्हणून शिकारीचे थोडक्यात सांगतो. टेक्सासमध्ये तेथील कायदा ठरावीक हंगामात शिकारीची मुभा देतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात मुळात असलेली शिकार-परवान्यांची तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने गेली, आणि आता छंद म्हणून हरीण मारण्याचा परवाना कोणतेही कार्यालय देत नाही. शिवाय त्या अधिनियमाच्या व्याख्येत सापळा लावणे, जनावर हाकणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. त्यामुळे बंदूक घेऊन रात्री बांधावर बसलात, तर एकही गोळी न झाडता आरोपी होऊ शकता. शाळूच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा. ती किती आणि केव्हा मिळेल, हे पंचनाम्यावर अवलंबून राहील.

आता ज्या वाक्यावरून तुम्ही सहज पुढे गेलात, त्याकडे वळतो. शस्त्र परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो आणि तो घरजमिनीसारखा वारसाहक्काने उतरत नाही. ताबा कायदेशीर राहिला नाही, की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले पाहिजे, असे शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम २१ सांगते. तीन वर्षे म्हणजे विनाविलंब, असे कोणत्याही न्यायालयाला पटवून देणे मला तरी जमणार नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला तलाठ्याकडे धावणाऱ्या कुटुंबाला बंदूक तेवढी आठवत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास अशी आहे.

बंदूक स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी वारस म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मात्र तुमच्या बाबतीत आणखी एक अडसर संभवतो : वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. वारसाचा परवाना 'नवा' धरायचा की नाही, यावर वाद होऊ शकतो. तो स्थानिक वकिलामार्फत लेखी मांडावा आणि निर्णयाला वेळ लागेल हे गृहीत धरावे.

अर्जाची वाट पाहत बंदूक घरी ठेवू नका. ती परस्पर मोटारसायकलवर घालून नेऊही नका, कारण वाटेत तपासणी झाली तर दाखवायला तुमच्याकडे परवाना नाही. आजोबांचा मृत्यू दाखला आणि जुना परवाना घेऊन शक्यतो वकिलासोबत आधी ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या आणि बंदूक कशी आणायची हे तेथील अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्या. उरलेली काडतुसेही त्याच वेळी जमा करा. उशिराबद्दल गुन्हा नोंदवला जाणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही; पण स्वतःहून जमा केलेली बंदूक आणि झडतीत सापडलेली बंदूक यांत न्यायालय फरक करते. पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख असल्याखेरीज ती स्वीकारू नका.