आय.डी. फॅन, ग्रीसची गन आणि किल्ली कोणाच्या खिशात

हंगाम भरात आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बॉयलरचे पंखे वाढतात. बॅलन्सिंगचं, म्हणजे फिरत्या चाकाचा तोल साधायचं, मशीन गाडीत टाकून साखर कारखाने पालथे घालण्यात माझी उमर गेली, म्हणून संपादकांनी या वेळचा सगळा गठ्ठा माझ्याकडे ढकलला आहे. पत्रं थोडी कापली आहेत. कारखान्यांची आणि लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम काढली आहेत.

प्रश्न : आमच्या बॉयलरला वेट स्क्रबर (धुरातली राख पाण्याने धुणारं यंत्र) आहे आणि त्याच्या पुढे आय.डी. फॅन (धूर ओढून चिमणीकडे ढकलणारा पंखा). वेग ९८० आर.पी.एम. हंगामाच्या तोंडावर बॅलन्सिंग करून घेतलं तेव्हा बेअरिंगवर व्हायब्रेशन २ मि.मी. प्रति सेकंद होतं. आता क्लीनिंगला बंद करून पुन्हा चालू केला की ९-१० वर जातं. दोनदा माणूस बोलावून इम्पेलरला (फॅनच्या पात्यांच्या चाकाला) वजनं वेल्ड करून घेतली. चार-पाच दिवस बरं चालतं, की पुन्हा तेच. आमचे चीफ इंजिनिअर म्हणतात, इम्पेलरच बदलू. तुमचं मत?
(शिफ्ट इंजिनिअर, सांगली जिल्हा)

उत्तर : इम्पेलरवर एवढ्यात आरोपपत्र ठेवू नका. तुम्हीच लिहिलंय, ‘बंद करून पुन्हा चालू केला की’. चालता चालता नव्हे. गोम तिथंच आहे.

स्क्रबरमधून सुटलेले पाण्याचे थेंब आणि बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख मिळून पात्यांवर चिखल धरतो. पाती मागे झुकलेली असतील तर तो पात्याच्या पाठीला बसतो, म्हणजे दारातून बॅटरी मारून बघणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी. फॅन फिरतोय तोवर थर सगळ्या पात्यांवर साधारण सारखा वाढतो आणि रीडिंग शांत राहतं. थांबला की ओला चिखल खालच्या अंगाला ओघळतो आणि तिथंच वाळतो, नाहीतर गार झाल्यावर एखाद्या पात्यावरची खपली सुटून पडते.

खपलीने काय होतंय असं वाटत असेल तर हिशोब करा. रोटर ८०० किलोचा आणि इम्पेलरची त्रिज्या ८०० मि.मी. धरू. फॅनसाठी बॅलन्सिंगचा जी ६.३ हा दर्जा सर्रास वापरतात. ९८० फेऱ्यांना त्या दर्जात ८०० मि.मी.च्या त्रिज्येवर जेमतेम ६१ ग्रॅमचा फरक चालतो. अर्धा किलोची खपली एका बाजूने गेली की समोरची बाजू बेअरिंगला सुमारे ४३० किलोच्या जोराने खेचते, आणि हा जोर सेकंदाला सोळा वेळा सगळीकडून फिरून येतो. १५ ते ३०० किलोवॉटच्या, पक्क्या पायावर बसवलेल्या मशीनसाठी आय.एस.ओ. १०८१६-३ या मानकात (२०२२ मध्ये त्याची जागा २०८१६-३ ने घेतली) ४.५ च्या वरचा पट्टा नुकसानीचा धरला होता. तुम्ही त्याच्या दुपटीवर आहात. एवढ्या रीडिंगवर शिफ्ट रेटू नका.

आता ती वेल्ड केलेली वजनं. ती लावण्याआधी इम्पेलर उघड्या लोखंडापर्यंत खरवडला होता का? नसणार. मळक्या इम्पेलरला वजन लावलं की आपण चिखलाचा तोल साधतो. पुढच्या क्लीनिंगला चिखल पडतो आणि वजन तसंच राहतं. माझ्या धंद्यातले काही जण क्रशिंग थांबलेलं असताना घाईत हेच करतात, कारण रीडिंग खाली आलं की बिलावर सही होते. प्रत्येक वजन किती ग्रॅमचं, कुठल्या पात्याजवळ, कुठल्या तारखेला लावलं याची नोंद लॉगबुकात नसेल तर आजपासून ठेवा.

माझा क्रम असा. आधी पायाचे बोल्ट. पेडेस्टलवर (बेअरिंगच्या बैठकीवर) एक रीडिंग, बेस फ्रेमवर एक, काँक्रीटवर एक. दोन शेजारच्या रीडिंगमध्ये मोठी उडी दिसली तर तो सांधा ढिला आहे, बॅलन्सिंगचा विषयच नाही. मग इम्पेलर दोन्ही बाजूंनी वायर ब्रशने आणि स्क्रेपरने साफ. मग पाती ठोकून आवाज ऐका. काही इम्पेलरची पाती पोकळ असतात. राखेने त्यांना भोक पडलं की आत पाणी आणि राख शिरते, आणि मग कितीही बॅलन्सिंग करा, टिकत नाही. पाती आणि मधली प्लेट यांच्या वेल्डवर डाय पेनिट्रंट मारून तडा बघा. हे सगळं झाल्यावर फॅन चालवा. माझा अंदाज, जुनी वजनं काढायचीच पाळी येईल.

मूळ दुखणं मात्र फॅनच्या आधी आहे. स्क्रबरचे किती नोझल तुंबलेत आणि थेंब अडवणाऱ्या प्लेट्स जागेवर आहेत का, ते बघा. फॅनच्या केसिंगला तळाशी ड्रेन असतो, तो उघडून गजाने ढोसा. आजवर उघडलेल्या केसिंगांत मला हा ड्रेन वाहता कमी वेळा सापडलाय. आणि क्लीनिंगला थांबताना बगॅसचं फीडिंग बंद करून स्क्रबरचं पाणी थांबल्यावर फॅन थोडा वेळ कोऱ्या हवेवर फिरू द्या. पाती कोरडी होऊन थांबली तर निम्मा त्रास जातो.

वेल्डिंगचं एक सांगायचं राहिलं. वजन लावताना अर्थिंगचा क्लॅम्प इम्पेलरलाच, वेल्डच्या जवळ लावा. बेस फ्रेमला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात. महिनाभराने बेअरिंग ओरडायला लागलं की मग सगळे ग्रीसच्या कंपनीला शिव्या देतात.

प्रश्न : एफ.डी. फॅनचं (भट्टीला हवा पुरवणाऱ्या पंख्याचं) बेअरिंग ८५ अंशांवर चाललंय. रोज ग्रीस मारतो, तरी उतरत नाही, उलट वाढतं.
(फिटर, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : गन खाली ठेवा. प्लमर ब्लॉकमधली (बेअरिंगच्या घरातली) मोकळी जागा तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की पुरे. त्याहून जास्त झालं की रोलर ग्रीस घुसळत बसतात आणि ती घुसळणच उष्णता होते. शिवाय ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं, म्हणजे तुम्ही भरताय ते लवकर जळतंय. फॅन बंद करून वरची टोपी उघडा, जादा ग्रीस काढा, रंग आणि वास बघा. स्टोअरने मधेच दुसऱ्या जातीचं ग्रीस दिलंय का तेही विचारा, कारण सगळ्या ग्रीसांचं एकमेकांशी जमत नाही. तरीही तापलं तर दोन्ही ब्लॉकमध्ये लोकेटिंग रिंगा घातल्यात का बघा. एक बेअरिंग बांधलेलं आणि दुसरं सरकायला मोकळं हवं. दोन्ही बांधली तर तापून लांबलेल्या शाफ्टने जायचं कुठं?

प्रश्न : माझी शिरोलीला लहान फाउंड्री आहे. नॉकआउटच्या (साचा फोडून कास्टिंग काढण्याच्या) जागेवरची धूळ ओढणाऱ्या फॅनचं सक्शन कमी झालं, म्हणून पुली बदलून वेग १० टक्के वाढवला. आता ३० एच.पी.ची मोटर तासाभरात ट्रिप होते. मोटर मोठी घ्यावी का?
(एक उद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : जुनी पुली परत बसवा, मग बोलू. वेग १० टक्के वाढला की हवा १० टक्के वाढते, दाब २१ टक्के आणि लागणारी ताकद ३३ टक्के. आधी २० किलोवॉट घेत असेल तर आता साडेसव्वीस मागतो. ३० एच.पी. म्हणजे सव्वाबावीस, त्यामुळे मोटर बरोबरच ट्रिप होतेय. मला मोटरपेक्षा इम्पेलरची जास्त काळजी आहे. त्याच्यावरचा ताणही २१ टक्क्यांनी वाढला. फॅन बनवणाऱ्याने कमाल वेग दिलेला असतो, तो त्याच्या लेखी परवानगीशिवाय ओलांडायचा नाही. फुटलेला इम्पेलर केसिंगमध्ये थांबेल याची खात्री नसते.

सक्शन आधी होतं आणि आता नाही, तर मधे काय बदललं? अलीकडे मोटर रिवाइंड करून आणली का? दोन फेज उलट जोडले गेले की फॅन उलटा फिरतो. सेंट्रिफ्युगल फॅन उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने फेकतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे डक्टला हात लावून ‘हवा तर येतेय’ म्हणणारा फसतो. केसिंगवरचा बाण आणि थांबताना पुलीची फिरण्याची दिशा, एवढंच बघा.

ते बरोबर असेल तर बॅग फिल्टरच्या (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांच्या) आधी आणि नंतर पारदर्शक नळीचा यू लावून त्यात पाणी भरा. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मि.मी.मध्ये मोजा आणि बॅगा नव्या होत्या तेव्हाच्या नोंदीशी ताडा. फरक खूप वाढला असेल तर बॅगा तुंबल्यात. जेमतेम असेल तर डक्टमध्ये कुठंतरी भोक आहे किंवा पट्टे घसरताहेत. पट्टे बदलायचे तर सगळा सेट एकदम. दोन पुलींमधल्या दर मीटर अंतराला साधारण १६ मि.मी. दाब खाईल एवढा ताण ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा ताणा.

प्रश्न : आय.डी. फॅनचा डॅम्पर (हवा अडवणारी झडप) वर्षानुवर्षं ४० टक्क्यांवर ठेवून चालवतो. व्ही.एफ.डी. (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवला तर खरंच पैसे सुटतात का, की विकणाऱ्यांची गोष्ट आहे?
(को-जन म्हणजे सहवीजनिर्मिती विभागाचा मॅनेजर, पुणे जिल्हा)

उत्तर : सुटतात. ८० टक्के वेगावर लागणारी ताकद निम्म्यावर येते, ५१ टक्के. डॅम्परने तेवढीच हवा कमी केली तर एवढी बचत कधीच होत नाही, कारण फॅनने कमावलेला दाब आपण डॅम्परवर जाळतो. वाचलेली वीज तुम्ही ग्रिडला विकू शकता, तेव्हा परतफेडीचा हिशोब तुमचा अकाउंटंट माझ्याहून बरा करेल.

पण ड्राइव्हची ऑर्डर देण्याआधी एक मोजमाप करा. बॉयलरच्या तोंडाशी आणि आय.डी. फॅनच्या आधी, दोन ठिकाणी धुरातला ऑक्सिजन मोजा. समजा तिथं ५ टक्के आणि इथं ९ टक्के आला. म्हणजे एअर हीटरच्या फुटक्या ट्यूब, एक्स्पान्शन जॉइंट आणि दारांच्या फटी यांतून बाहेरची हवा आत येतेय, आणि फॅन तिसऱ्या हिश्श्याने जादा वायू ओढतोय. ही हवा भट्टीच्या काही कामाची नाही. गळती तशीच ठेवून व्ही.एफ.डी. बसवणाऱ्यांना ५० हर्ट्झवरच, म्हणजे पूर्ण वेगावर, चालवावा लागतो, आणि मग ड्राइव्ह वाईट म्हणून बोंब होते.

बसवल्यावर डॅम्पर पूर्ण उघडा ठेवायला ऑपरेटरला सांगा. हात सवयीने ४० वर जातो. वेग सावकाश वर नेऊन कुठल्या फेऱ्यांना फ्रेम थरथरते ते टिपा आणि ड्राइव्हमध्ये तो पट्टा वगळायला लावा. मात्र गार सुरुवात करताना डॅम्पर बंदच हवा, विशेषतः ड्राइव्ह बायपास करून थेट लाइनवर चालवायची वेळ आली तर. ३० अंशांची हवा १६० अंशांच्या धुरापेक्षा दाट असते आणि उघड्या डॅम्परवर मोटरकडून ४० टक्क्यांहून जास्त जादा ताकद मागते.

प्रश्न : काका, मी ठेकेदाराकडे आहे. आम्हाला फॅनच्या आत जाऊन इम्पेलर खरवडायला पाठवतात. स्विच बंद असतो, डॅम्पर बंद असतो, तरी इम्पेलर हळूहळू फिरतो. सुपरवायझर म्हणतो, एकाने हाताने धरून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. धरलेलं चालतं का?
(वय २२, सोलापूर जिल्हा)

उत्तर : नाही चालत. आत जाऊ नकोस. हे पत्र सुपरवायझरलाही दाखव.

इम्पेलर फिरतो कारण चिमणी गरम आहे आणि ती मोटरशिवायही ओढते. शेजारी दुसरा फॅन चालू असेल तर त्याची हवाही उलटी येऊन ढकलते. डॅम्परची पाती झिजलेली, वाकलेली असतात. बाहेरचा दांडा ‘बंद’ दाखवतो आणि आत चार बोटं फट असते. शेकडो किलोचा इम्पेलर एकदा कलला की माणसाच्या हाताला आवरत नाही. त्यात तू एका बाजूची राख खरवडली की दुसरी बाजू जड होते आणि तो आपोआप खाली येतो.

आत जायचं तर हे सगळं झाल्यावर. इलेक्ट्रिशियनने ब्रेकर बाहेर ओढलेला, त्याला कुलूप, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं कुलूप. किल्ली तुझ्या खिशात, सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नाही. व्ही.एफ.डी. असेल तर त्याचा डिस्प्ले विझला म्हणजे वीज गेली असं नाही. इलेक्ट्रिशियनने मोजून सांगायचं. डॅम्पर हवेच्या सिलिंडरवर चालत असेल तर त्याची लाइन बंद करून रिकामी करायची आणि डॅम्परला पिन घालायची. इम्पेलरला साखळीने बांधून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी. डक्ट थंड झालेला, दोन्ही दारं उघडून वारं खेळवलेलं, आणि गॅस मीटरने ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड तपासलेला. धुमसत्या बगॅसपासून होणाऱ्या या वायूला वासही नसतो आणि रंगही नसतो. दाराशी एक माणूस उभा, ज्याला दुसरं काम नाही, आणि तुझ्या पट्ट्याची दोरी त्याच्या हातात.

आतला दिवा २४ व्होल्टचा. २३० व्होल्टचा हॅलोजन ओल्या केसिंगमध्ये नेऊ देऊ नकोस. ही माझी हौस नाही. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ आणि ३६-अ मध्ये परमिट, दोरी आणि २४ व्होल्ट हे लिहिलेलं होतं, आणि धुराच्या डक्टचा तिथं नाव घेऊन उल्लेख होता.

परमिटवर सही कोणाची ते आत जायच्या आधी वाच. ती जागा कोरी असेल तर दाराबाहेरच थांब आणि शिफ्ट इंजिनिअरला बोलाव.