दहा वर्षं जावा लिहिल्यावर हास्केल शिकायचंय, सुरुवात कशी करू?

सिंटॅक्सची काळजी सोडा, तो अंगवळणी पडतो. अडतं ते जुन्या सवयींपाशी: हात आपसूक फॉर लूप आणि बदलत्या व्हेरिएबलकडे जातो. म्हणून पूर्वी लिहिलेलाच एखादा छोटा प्रोग्रॅम, समजा लॉग फाइलमधले एरर मोजणारा, मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन लावणं), फिल्टर (हवे तेवढे घटक निवडणं) आणि फोल्ड (सगळ्या घटकांचं मिळून एक उत्तर काढणं) वापरून पुन्हा लिहा. जीएचसीआय, म्हणजे कोड टाइप करून लगेच चालवून बघायचा हास्केलचा प्रॉम्प्ट, कायम उघडं ठेवा. प्रत्येक फंक्शनचा टाइप आधी लिहा, आतला कोड नंतर. कंपायलरचे लांबलचक एरर सुरुवातीला वैताग आणतात, पण बरंचसं डिबगिंग तिथेच उरकतं.

मोनॅड (इनपुट-आउटपुटसारखी कामं एकामागोमाग जोडायची हास्केलमधली रचना) समजावणारे लेख तूर्त वाचू नका (खरंच!), आधी डू नोटेशन, म्हणजे ती कामं ओळीने लिहायची पद्धत, नुसतं वापरत राहा. मोठ्या लिस्टची बेरीज करताना मेमरी फुगली, तर संशय लेझी इव्हॅल्युएशनवर (गरज पडेपर्यंत हिशोब पुढे ढकलण्यावर) घ्या आणि फोल्ड-एलचं (डावीकडून चालणाऱ्या फोल्डचं) स्ट्रिक्ट, म्हणजे हिशोब लगेच करणारं रूप वापरा, ते डेटा.लिस्ट या मॉड्यूलमध्ये मिळेल.