परिवर्तनशील, परिवर्तनवादी की परिवर्तनकारी?

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझरांच्या प्रशिक्षणाचं साहित्य मराठीत आणणाऱ्या वाचकमित्राने विचारलं आहे: 'ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप'ला एका पुस्तकात 'परिवर्तनशील नेतृत्व' दिसलं, दुसऱ्यात 'परिवर्तनवादी', तिसऱ्यात 'परिवर्तनकारी'. यातलं बरोबर कोणतं? आणि 'सर्व्हंट लीडरशिप'ला 'सेवक नेतृत्व' म्हटलं की वर्गात लोक हसतात, तर काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर: परिवर्तनकारी. 'शील' म्हणजे स्वभाव. सहनशील माणूस सहन करतो, तसं परिवर्तनशील ते, जे स्वतःच बदलत राहतं. ऋतू परिवर्तनशील, बाजारभाव परिवर्तनशील. सकाळी एक सांगून दुपारी दुसरं सांगणाऱ्या साहेबाचं नेतृत्व परिवर्तनशील म्हणता येईल, पण तुम्हाला ते शिकवायचं नाही. 'वादी'त विचारसरणी येते. परिवर्तनवादी चळवळ म्हटलं की महाराष्ट्रात एक पूर्ण सामाजिक परंपरा डोळ्यांपुढे उभी राहते. तो शब्द कारखान्याच्या शिफ्टला लावून पातळ करू नये. 'कारी' म्हणजे करणारं, घडवून आणणारं: हितकारी, गुणकारी. नेमकं हेच हवं आहे.

मूळ कल्पनाही तशीच आहे. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स हे राजकारणाचे अभ्यासक. त्यांनी १९७८ साली ही मांडणी केली: नेता आणि त्याच्यासोबतची माणसं एकमेकांना प्रेरणेच्या आणि नीतीच्या वरच्या पायरीवर नेतात. पुढे १९८५मध्ये बर्नार्ड बास यांनी ती संस्था आणि उद्योगांच्या संदर्भात वाढवली. याच्या जोडीला येणाऱ्या 'ट्रान्झॅक्शनल'साठी 'व्यवहारवादी' किंवा 'व्यवहारी' वापरतात, ते मला पटत नाही. मराठीत व्यवहारी माणूस म्हणजे शहाणा, हिशेब कळणारा. ती स्तुती आहे. 'देवघेवीचं नेतृत्व' म्हणा. "या रविवारी या, सोमवारी सुट्टी घ्या" एवढं उदाहरण दिलंत की लाइनवरच्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही. मात्र देवघेव म्हणजे वाईट असं वर्गात ठसवू नका. बासच्या मते परिवर्तनकारी नेतृत्व देवघेवीच्या पायावर चढतं, तिला हटवून नाही.

'सिच्युएशनल'साठी छापील साहित्यात 'परिस्थितिजन्य' सापडेल. जन्य म्हणजे जन्मलेलं. परिस्थितीने नेता जन्माला घातला, असा अर्थ त्यातून निघतो. ही कल्पना मांडणाऱ्या हर्सी आणि ब्लँचर्ड यांचं म्हणणं वेगळं आहे: समोरचा माणूस कामात किती तयार झालाय ते पाहून नेत्याने आपली रीत बदलावी. म्हणून 'प्रसंगानुरूप'.

लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या नेतृत्वाच्या तीन प्रकारांवर जरा थांबतो. अमेरिकेतल्या आयोवामध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांची शाळेनंतर मंडळं भरवून त्यांनी हा प्रयोग केला. १९३९मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुलं मुखवटे वगैरे बनवत आणि मोठा माणूस कधी हुकूम सोडणारा, कधी विचारविनिमय करणारा, तर कधी नुसता बसून राहणारा असे. हुकमाखालची मुलं तो खोलीत असेपर्यंत काम करत. तो बाहेर गेला की काम मंदावे. विचारविनिमयाच्या गटात मात्र तो गेल्यावरही काम चालू राही. यातल्या पहिल्याला 'हुकूमशाही' म्हणतात, पण तो शब्द देशांसाठी राहू द्यावा. 'एकतंत्री' पुरेसा आहे. तिसऱ्याला 'मुक्त नेतृत्व' म्हणू नका. मोकळीक देणं वेगळं आणि वाऱ्यावर सोडणं वेगळं. तो माणूस विचारलं तरच सांगे, एरवी कशात पडत नसे. याला 'अलिप्त' म्हणा.

आता तुमचा दुसरा, 'सर्व्हंट लीडरशिप'चा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मराठीतले पुढाऱ्यासाठीचे शब्द मांडून बघा. पुढारी, म्होरक्या, अग्रणी, मुकादम. मुकादम हा अरबीतून आलेला, त्याचाही अर्थ पुढे ठेवलेला. सगळे रांगेत पुढे उभे आहेत. यातल्या म्होरक्याची तर वाताहत झाली. आता बातम्यांत तो फक्त दरोडेखोरांच्या टोळीला असतो. दुसरा गट 'नी' धातूचा, म्हणजे नेणे: नेता, नायक, नेतृत्व. आणि तिसरा गट आपण रोज वापरतो, पण त्याच्याकडे बघत नाही: धुरा, धुरीण, धुरंधर. धुरा म्हणजे गाडीचा तो भाग, जिथे जू बसतं. अमरकोशात धुरीण आणि धुरंधर हे शब्द चक्क ओझं ओढणाऱ्या बैलाच्या नावांत येतात. आपण 'समाजधुरीण' म्हणून हार घालतो, त्या शब्दाच्या खांद्याला जुवाचा घट्टा आहे!

'सर्व्हंट लीडरशिप'ची कल्पना मांडणाऱ्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७०च्या निबंधात जे सांगितलं, ते याच्या फार जवळ जातं: आधी सेवा करण्याची ओढ, नेतेपण नंतर. 'सेवक'वर लोक हसतात, कारण आपल्या कानाला सेवक म्हणजे हुकमाचा ताबेदार. 'सेवाभावी' म्हटलं की रक्तदान शिबिर आठवतं. मी 'धुरीण नेतृत्व' सुचवतो, आणि सोबत बैलाची गोष्ट सांगा.

किंवा वाशीची सांगा. मी ठाण्याचा, पण काही काळ कामानिमित्त पहाटे कांदा-बटाटा मार्केटात जावं लागे. एकदा ट्रक रिकामा होत होता. टोळीचा मुकादम वही घेऊन पोती मोजत होता. एक पोतं फाळक्यापाशी अडकलं, खालच्या माणसाचा तोल जायला लागला. मुकादमाने वही कमरेला खोचली आणि कोणाला हाक न मारता पोत्याखाली पाठ दिली. पोतं थप्पीला लागल्यावर वही काढून पुढचा आकडा लिहिला. ही टोळी माथाडींची; माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली वेगळा कायदा केला. तुमच्या वर्गातल्या कित्येकांच्या घरात हे काम केलेलं कोणीतरी असेल, त्यांना ग्रीनलीफ लगेच कळेल.

जाता जाता, तुम्ही पाठवलेल्या मुखपृष्ठावर 'नेतृत्त्व' असं छापलंय. नेतृ अधिक त्व, म्हणून एकच त: नेतृत्व. कर्तृत्व, मातृत्व, दायित्व तसेच. महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत मूळ शब्दाच्या शेवटी त् आहे, म्हणून तिथे दोन. छपाईला जायच्या आत तेवढं बदलून घ्या.