डबा घेऊन स्टॉपवरून परत येणारा मुलगा

पत्र:

सर, माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. आयटीआय फिटर करून भोसरीच्या एका छोट्या कंपनीत प्रेस शॉपला लागला. पाच महिन्यांपूर्वी पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनमध्ये, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दोन-दोन पेरं. जखम भरली, डॉक्टरांनी फिट लिहून दिलं, कंपनीपण ये म्हणते. रोज सकाळी उठून आवरतो, मी डबा देते, बसस्टॉपपर्यंत जातो आणि परत येतो. तीन आठवडे हेच चाललंय. हात सारखा खिशात. त्याचे वडील म्हणतात, मन घट्ट कर. मामा पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या मुरलीकांत पेटकरांचे व्हिडिओ पाठवतो. नातेवाईक म्हणतात, भरपाईच्या पैशातून दुकान टाका. मशीनला हातच लावावा लागणार नाही असा कुठला कोर्स आहे का? आणि त्याचा आत्मविश्वास परत कसा आणू?
– एक आई, दिघी

उत्तर:

ताई, नमस्कार.

कोर्सचं शेवटी सांगतो, कारण आज त्याचं उत्तर दिलं तर ते चुकेल. आधी त्या स्टॉपबद्दल बोलू.

तो रोज आवरून स्टॉपपर्यंत जातो, हे तुम्ही काळजीने लिहिलंय. मला मात्र ते वाचून धीर आला. ज्याला कामावर जायचंच नसतं तो अंथरुणातून उठत नाही. तुमच्या मुलाला जायचंय. घरापासून स्टॉपपर्यंतचं अंतर त्याला जमतं, स्टॉपपासून प्रेसपर्यंतचं एका दमात जमत नाही. मग ते अंतर तोडून लहान करायला हवं. सगळं काम तिथेच आहे.

मी एकवीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं पुढे बोट गमावून मला भेटायला आली. घरच्यांनी त्यांना समजावलं होतं, मित्रांनी हिंमत दिली होती. पण हात आता कसा चालतो, आणि त्या मशीनचं पुढे काय झालं, हे दोन प्रश्न त्यांना कुणीच विचारले नव्हते. तुमच्या पत्रातही ते नाहीत, म्हणून मी विचारतो.

हाताचं आधी. तुमचा मुलगा उजव्या हाताने काम करणारा आहे असं धरून चालतो. हातोडी, स्पॅनर, पाइप घट्ट धरायची ताकद मोठ्या प्रमाणात अनामिका आणि करंगळीकडून येते. ती दोन्ही आणि अंगठा शाबूत आहेत, म्हणजे मूठ बरीचशी परत येऊ शकते. अडचण येते ती चिमटीची. बारीक स्क्रू, वॉशर, पातळ पत्रा उचलायला अंगठा आणि तर्जनी लागते, ती चिमूट आता अंगठा आणि अनामिकेला शिकावी लागेल. शिकतात, पण सरावाने. आणि एक गोष्ट तो फिटर म्हणून जाणतो, फक्त विसरलाय: जड कानस मारताना डाव्या हाताचा तळवा कानशीच्या पुढच्या टोकावर दाब देतो, बोटं नाही. त्याचा तळवा आहे तसाच आहे.

पण तुटलेलं टोक फार हुळहुळं असतं. थंडी लागली, काही घासलं, चुकून आपटलं की झिणझिण्या मेंदूत जातात, म्हणून माणूस हात खिशात ठेवतो. तुम्ही त्याला लाज समजत असाल. लाजही असेल, पण निम्मं कारण हे दुखणं असतं. यावर उपाय आहे. फिजिओथेरपी विभागात हाताच्या थेरपीबद्दल विचारा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळाला तर उत्तमच. त्या टोकाला हळूहळू स्पर्शाची सवय लावतात. आधी कापूस, मग मऊ फडकं, मग खरखरीत टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात घालून फिरवणं, शेवटी टेबलावर हलके ठोके. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं. थेरपिस्टने हो म्हटलं की घरची कणीक त्याला तिंबू द्या. तुमच्या शेजारी उभा राहून, डाव्या हाताने. पोळ्या कशाही होवोत. गेलेलं बोट अजून तिथेच आहे, दुखतंय, खाजतंय असं तो म्हणाला तर घाबरू नका आणि हसूही नका. असं अनेकांना होतं, तेही थेरपिस्टला सांगायचं.

आता मशीन. इथे मी तुमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा वेगळं बोलणार आहे. त्याला वाटणारी भीती खरी आहे की नाही, हे त्या प्रेसकडे बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. ती पेडलवर चालते का? जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, ठेवायला डायमध्ये (साच्यात) हात घालावा लागतो का? दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा ठोका, पडणार नाही, अशी सोय केली का? मध्ये हात आला की प्रेस जागच्या जागी थांबवणारा सेन्सर बसवला का? निदान जॉब उचलायला चिमटा किंवा मॅग्नेट दिला का? अपघातानंतर पाच महिन्यांत यातलं काहीच झालं नसेल, तर त्या मशीनची भीती बाळगणारा तुमचा मुलगा त्या शॉपमधला सगळ्यात शहाणा माणूस आहे. ती भीती घालवायला मी मदत करणार नाही आणि तुम्हीही करू नका. धोकादायक मशीनला संरक्षण बसवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ऐकलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. तो कंत्राटदाराकडून लागला असला, तरी या जबाबदारीतून कंपनी सुटत नाही.

आणि हे प्रश्न कंपनीला त्यानेच विचारायचे, वडिलांनी नाही. वडील सोबत बसू शकतात. ज्या मशीनने बोटं घेतली तिच्याबद्दल सुपरवायझरसमोर बसून चार प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं मिळाली, की माणसाच्या आत काहीतरी जागेवर येतं. मी ते समोर बघितलंय.

तुम्ही आत्मविश्वासाचं विचारलंत. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलेली एक गोष्ट मला माझ्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं खरी ठरताना दिसली. ‘हे मला जमेल’ असं वाटायला चार वाटांनी बळ मिळतं. स्वतः करून बघितलं आणि जमलं, ही सगळ्यात पक्की वाट. आपल्यासारख्याच कुणाला करताना बघितलं, ही दुसरी. कुणी ‘तुला जमेल’ म्हटलं, ही तिसरी. आणि चौथी म्हणजे धडधड, घाम, पोटातला गोळा या शरीराच्या खुणांचा आपण काय अर्थ लावतो ती. तुमच्या घरात पाच महिने तिसऱ्या वाटेवरच सगळे उभे आहेत. प्रेमाने उभे आहेत, पण ती वाट एकटी पुरत नाही.

पेटकरांबद्दल मला मनापासून आदर आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पण मधे सात वर्षं गेली, आणि पोहणं सुरू झालं ते उपचाराचा भाग म्हणून. पुढे त्यांनी आपल्या पुण्यातच टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी केली. मामांना सांगा, आज त्याला सुवर्णपदक दाखवलं तर त्याला फक्त स्वतःचा स्टॉप आठवतो. त्यापेक्षा भोसरीत किंवा चाकणला दोन बोटं गमावून आज शिफ्ट करणारा एखादा माणूस शोधा. दुर्दैवाने आपल्या भागात तो फार शोधावा लागणार नाही. चहाच्या टपरीवर अर्धा तास दोघांना बसू द्या. तुम्ही तिथे थांबू नका.

आता पायऱ्या. यातली कुठलीही गाळू नका आणि एकीवर दोन-चार दिवस जास्त लागले तर लागू द्या.

पहिल्या आठवड्यात त्याने फक्त बसने कंपनीच्या गेटपर्यंत जायचं, सुट्टीच्या दिवशी, शिफ्ट नसताना. गेटवरच्या वॉचमनशी बोलायचं, परत यायचं. डबा न्यायचा नाही, कारण डबा परत आणला की हरल्यासारखं वाटतं. मग एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना, सुपरवायझरबरोबर शॉपमध्ये चक्कर. मग चालू मशीनपासून लांब उभं राहणं. प्रेसचा पहिला ठोका ऐकून छाती धडधडेल, हाताला घाम येईल. त्याला आधीच सांगून ठेवा की हे होणार आहे आणि याचा अर्थ जमत नाही असा नाही. तिथेच थांबायचं, धडधड कमी होईपर्यंत. बहुतेक जण नेमके उलट करतात, धडधड सुरू झाली की बाहेर पडतात, आणि मग शरीर शिकतं की बाहेर पडलो म्हणून वाचलो. स्टॉपवर रोज तेच होतंय.

त्यानंतर काम. कंपनीकडे हे लेखी मागा: पहिला महिना अर्धी शिफ्ट, इन्स्पेक्शनच्या, म्हणजे तयार माल तपासायच्या, टेबलवर. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गो-नो-गो गेज ही मापाची साधनं वापरायला तो आयटीआयमध्ये शिकलाय. डाव्या हाताने जॉब धरायचा, उजव्याने माप घ्यायचं, म्हणजे हाताचा सरावही तिथेच होतो. फिट लिहिलं म्हणजे जखम भरली, लगेच जुन्याच मशीनवर उभं राहता येईल असं त्या कागदात कुठे लिहिलेलं नसतं. डॉक्टरांकडून ‘हलकं काम’ असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे कंपनीशी बोलायला कागद हातात राहतो. प्रेसवर परत जायचं का, हा प्रश्न तीन महिने काढूच नका.

पैशाचं थोडक्यात, पण नीट वाचा. त्याच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल (महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू आहे), तर कामावरच्या अपघातानंतर बरं होईपर्यंत सरासरी वेतनाच्या 90 टक्के मिळतात, आणि फिट लिहिल्यावर ते थांबतात. पण बोटं परत येत नाहीत, म्हणून कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं. बोर्ड कमाईच्या क्षमतेची हानी टक्क्यांत ठरवतं आणि त्यानुसार दरमहा रक्कम मिळते. तो कामावर रुजू झाला म्हणून ती बंद होत नाही. बरेच लोक याच भीतीने मुलाला घरी बसवतात. मोहननगर, चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात किंवा तुमच्या दवाखान्यात याची चौकशी करा, आणि कंपनीने अपघाताचा अहवाल दिला होता का हे आधी बघा.

ही टक्केवारी मुलाला कशी सांगता ते जपा. भरपाईच्या कायद्यातल्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के आणि मधलं बोट पूर्ण गेलं तर 12 टक्के हानी धरलेली आहे. हा आकडा पैसे मोजायला केलाय. एका मुलाने माझ्यासमोर स्वतःबद्दल ‘मी आता इतके टक्के कमी’ असं म्हटलं होतं, ते मला अजून टोचतं.

दुकानाचं इतक्यात नाही. जो मुलगा आज स्टॉप ओलांडू शकत नाही त्याला गल्ल्यावर बसवून उधारी वसूल करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय होईल, आणि पैसे गेले तर दुसरी जखम होईल. सरकारी नोकरीतल्या दिव्यांग आरक्षणाच्या भरवशावरही त्याला बसवू नका. त्यासाठी किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं आणि एवढ्या इजेवर ते मिळण्याची शक्यता फार कमी आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण विचारून बघा. रात्री दचकून उठतो का? अपघात परत परत डोळ्यांपुढे येतो का? भांडं पडलं तरी अंगावर काटा येतो का? पाच महिन्यांनंतरही हे चालू असेल तर ते आपोआप जाईल म्हणून थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. यावर चांगले उपचार आहेत. सुरुवात म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता कोर्स. मशीनपासून पळण्यासाठी कोर्स घेतला तर तो कोर्समधूनही पळेल. पण तीन महिने इन्स्पेक्शनवर टिकला, तर त्याच्यापुढे चांगल्या वाटा आहेत. माझी पहिली पसंती क्वालिटीला. ड्रॉइंग वाचणं पक्कं करायचं, मग सीएमएम, म्हणजे जॉबची अचूक मापं घेणारं मशीन, शिकायचं. प्रेसवर काम केलेल्याला कोणता डिफेक्ट कुठून येतो हे कळतं, ते नुसत्या कोर्सवाल्याला कळत नाही. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं प्रोग्रॅमिंग, ही दुसरी वाट, तिथे डोकं आणि गणित जास्त लागतं. दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, गणिताची तयारी असेल तर तोही विचार करा. आणि शिकवण्याची आवड असेल तर सीआयटीएस हा एक वर्षाचा निदेशक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. मी त्याच वाटेने आलो, म्हणून ती जास्त रंगवून सांगत नाही. त्याने वर्गात उभं राहून बघावं आणि मग ठरवावं.

पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा. मला तीन गोष्टी हव्यात: डाव्या हाताने तो आज काय धरू शकतो आणि काय सुटतं, आयटीआयमध्ये त्याला सगळ्यात जास्त कुठला जॉब आवडला होता, आणि ती प्रेस पेडलची आहे की बटणाची.