नवा ड्राइव्ह बसवल्यावर लिनक्स सर्व्हरचे नेटवर्क गेले: उबुंटू पुन्हा टाकावे का?

उबुंटू नव्याने टाकू नका. घरच्या सर्व्हरमध्ये एनव्हीएमई ड्राइव्ह (मदरबोर्डच्या पीसीआय जोडणीवर चालणारा वेगवान साठवण ड्राइव्ह) बसवल्यापासून तो नेटवर्कवर दिसत नाही, चालू होताना दोन मिनिटे अडून राहतो, नेटवर्क पोर्टचा दिवा विझलेला आहे आणि केबल बदलूनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. त्यावरून माझा संशय केबलवर नाही, नेटवर्क कार्डावरही नाही, तर कार्डाच्या बदललेल्या नावावर आहे.

नाशिकला इंदिरानगरच्या माझ्या घरी माळ्यावर ठेवलेल्या सर्व्हरचे हेच झाले होते. दिवा विझलेला पाहून मी भर पावसात महात्मा गांधी रस्त्यावरून नवी केबल आणली, राउटरचे पोर्ट बदलून पाहिले आणि शेवटी कार्ड जळाले असे घरात जाहीर करून टाकले. त्या आठवड्यात विजा कडाडत असल्यामुळे ते सर्वांना पटलेही. कार्ड शाबूत होते.

पूर्वी लिनक्समध्ये पहिल्या कार्डाला ‘ईटीएच०’ असे नाव मिळत असे. सिस्टमडी म्हणजे लिनक्स चालू होताना सर्व सेवा सुरू करणारी प्रणाली; तिच्या २०१३ साली आलेल्या १९७व्या आवृत्तीपासून बहुतेक ठिकाणी हे नाव कार्ड कोठे जोडलेले आहे त्यावरून ठरू लागले. ‘ईएनपी३एस०’ यातील ‘पी३’ म्हणजे पीसीआय बसचा (कार्डे ज्या मार्गाने मदरबोर्डला जोडली जातात त्याचा) क्रमांक आणि ‘एस०’ म्हणजे तिच्यावरील स्लॉट. एनव्हीएमई ड्राइव्हलाही याच रांगेतला एक बस क्रमांक लागतो, आणि मोजणीत तो कार्डाच्या आधी आला की कार्डाचा क्रमांक पुढे सरकून नाव ‘ईएनपी४एस०’ होते. (या नावांना ‘अंदाज बांधता येण्याजोगी’ म्हणतात, हे त्या दिवशी मला फारसे रुचले नाही.) नेटप्लॅन म्हणजे उबुंटूची नेटवर्कची मांडणी ठेवणारी व्यवस्था; तिच्या फाइलमध्ये मात्र जुनेच नाव असते. त्या नावाचे कार्ड आता नसल्याने सिस्टमडी त्याची वाट पाहत राहते, आणि आपली दोन मिनिटे तेथेच जातात.

मॉनिटर व कीबोर्ड जोडून ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्या आणि दिसणारे नाव ‘ईटीसी’मधील ‘नेटप्लॅन’ फोल्डरच्या फाइलशी ताडून पाहा. येथे एक चकवा आहे. कार्डापुढे नुसते ‘डाउन’ दिसले, तर त्यावरून केबलचा दोष सिद्ध होत नाही. त्या कार्डाला कोणी उठवलेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, आणि काही कार्डे अशा वेळी दिवाही बंद ठेवतात. म्हणून आधी ‘सुडो आयपी लिंक सेट’ यापुढे नवे नाव आणि ‘अप’ लिहून कार्ड उठवा. त्यानंतरही ‘नो-कॅरिअर’ (म्हणजे तारेतून संकेत येत नाही) असे दिसले, तरच केबल आणि राउटर तपासा.

नाव जुळत नसेल तर फाइलमध्ये नुसते नवे नाव लिहून काम भागते, परंतु तो ड्राइव्ह पुढे काढला किंवा आणखी एखादे कार्ड बसवले की हाच खेळ पुन्हा सुरू होईल. त्यापेक्षा त्या नोंदीत ‘मॅच’खाली कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाची कारखान्यातून आलेली ओळख, ‘आयपी लिंक’मध्येच दिसते) द्यावा आणि ‘सेट-नेम’पुढे ‘लॅन०’सारखे आपल्या पसंतीचे नाव लिहावे, कारण मॅक पत्ता कार्डाबरोबरच राहतो. नेटप्लॅनची फाइल वायएएमएल या मांडणीत असते आणि तिच्यात टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच द्याव्या लागतात. माझा अर्धा तास यातच गेला. फायरवॉलच्या नियमांत जुने नाव असेल, तर तेथेही ते बदला. मग ‘सुडो नेटप्लॅन जनरेट’ ही आज्ञा द्या. चूक असेल तर ती सहसा ओळ क्रमांकासह सांगते. ती काही न बोलता परतली, तर सर्व्हर रीस्टार्ट करा.

नाव जुळूनही आयपी पत्ता मिळाला नाही, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून डीएचसीपीचे (आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेचे) उत्तर येत नाही असे समजा. पत्ता नीट मिळाला, ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग जाते, पण संकेतस्थळांची नावे उलगडत नाहीत, असे असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा आहे. यांपैकी काही निघाले तर ‘आयपी ॲड्र’ आणि ‘आयपी राउट’ या दोन्ही आज्ञांचे उत्तर प्रश्नात जोडा, म्हणजे पुढचे पाहता येईल.