फुलवालीची मॅडम होते कधी?

प्रश्न : महापेच्या आमच्या कंपनीतली हौशी मंडळी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चा मराठी प्रयोग बसवतायत. फुलवाली एलायझा मी करतेय. मी घणसोली गावातली, आगरी. दिग्दर्शक म्हणाले, "आधी तू घरी बोलतेस तशीच बोल, पुढच्या भागासाठी शुद्ध बोलायला शीक." सगळे हसले, मीही हसले, पण सलतंय. ताई, शुद्ध बोलायला लागली म्हणूनच एलायझाला मान मिळतो का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : नाही गं. आणि हे सांगतेय कोण, तर नौपाड्यात बसून लोकांचे 'न' आणि 'ण' घासून घेणारी बाई!

तिसरा अंक काढ. एलायझाला उच्चार शिकवणाऱ्या प्रोफेसर हिगिन्सच्या आईकडे चहाला पाहुणे आलेत आणि एलायझाची पहिली परीक्षा आहे. हवा आणि तब्येत, दोनच विषय बोलायचे अशी ताकीद देऊन तिला आणलंय. हवेचं बोलणं घोटलेलं, ते निभावतं. मग कुणीतरी इन्फ्लुएन्झाचं नाव काढतं आणि ही सुरू होते. मावशी म्हणे इन्फ्लुएन्झाने गेली, पण मला विचाराल तर म्हातारीला घरच्यांनीच संपवलं. तिची नवी गवती हॅट मला मिळायची होती, ती लांबवली कुणी? ज्यांनी हॅट लांबवली, त्यांनीच तिला संपवलं! उच्चार सरदारणीचे, व्याकरण आणि मजकूर थेट तिच्या गल्लीतला. गंमत म्हणजे पाहुण्यांतली क्लारा याला बोलण्याची नवी फॅशन समजते आणि जाताना स्वतःच एक शिवी हासडून जाते. वर्ग ठरतो तो असा, ऐकणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून तिथे एकही अक्षर घसरू देऊ नकोस, प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावू नकोस. १९१४ साली लंडनच्या प्रयोगात एलायझा झालेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांच्या तोंडची एक शिवी गाजली, ती बाकीचं बोलणं चोख होतं म्हणून.

बाकीची पात्रंही बघ. क्लाराच्या घरी बोलणं-वागणं खानदानी आणि खिशात खडखडाट. एलायझाच्या बापाचं उलटं. अचानक वर्षाला ३००० पौंडांची सोय होते, बोली तीच राहते आणि अब्रूपायी बिचाऱ्याला लग्न करावं लागतं. खुद्द हिगिन्सला त्याची घर सांभाळणारी बाई बजावते, की न्याहारीला ड्रेसिंग गाऊनवर येऊ नका आणि त्यालाच हात पुसू नका. हा दुसऱ्याला सभ्यपणा शिकवणार!

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पाचव्या अंकात एलायझाच देते. हिगिन्सचा मित्र कर्नल पिकरिंग, त्याला ती सांगते, माझं खरं शिक्षण सुरू झालं ते तुम्ही पहिल्या दिवशी मला 'मिस डूलिटल' म्हणालात तेव्हा. तो तिच्यासमोर हॅट काढायचा, तिच्यासाठी दार उघडायचा. फुलवाली आणि मॅडम यांतला फरक वागण्यात नसतो, समोरचा कसं वागवतो त्यात असतो, हे तिचं म्हणणं.

आता तुमच्या दिग्दर्शकांविषयी. आगरी बोलायला माझी ना नाही, हशासाठी बोलायला आहे. शिकवणीला आलेली एलायझा भीक मागत नाही, एका धड्याला एक शिलिंग देऊ करते. तिची दिवसाची कमाई अडीच शिलिंग, म्हणजे पाचातले दोन भाग! तो प्रवेश तू घरच्या भाषेत कर, पण बाजारात भाव करणाऱ्या बाईच्या ठसक्यात. 'पानी' म्हणताना नाक उडवू नकोस, हेल काढू नकोस. समोर घणसोली-गोठिवलीची माणसं बसली असतील, ती नक्कल लगेच ओळखतात. आणि तालमीत दिग्दर्शकांना सांग, "सर, घरी मी बोलते ते अशुद्ध नाही." सगळ्यांसमोर सांग. हसले होते तेही सगळ्यांसमोरच ना? 'ण' हवा असेल तर ये, शिकवते. चार तालमींचं काम आहे, त्यात थोरपण काही नाही.

प्रश्न : 'पिग्मॅलियन'वरून झालेल्या 'माय फेअर लेडी' सिनेमात एलायझा शेवटी हिगिन्सकडे परत येते. मूळ नाटकात दोघांचं लग्न होतं का?
– एक वाचक, पाचपाखाडी

उत्तर : नाही. लंडनच्या पहिल्या हिगिन्सने, म्हणजे बीअरबोम ट्री यांनी, पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली, तेव्हा शॉ भडकले. १९१६ साली त्यांनी छापील नाटकाला शेपूट जोडून सांगूनच टाकलं, की ती क्लाराच्या भावाशी, फ्रेडीशी लग्न करते आणि फुलांचं दुकान काढते. (पु.लं.ची १९७५ची 'ती फुलराणी' याच नाटकावरून. भक्ती बर्वेंची मंजुळा ज्यांनी पाहिली त्यांना बाकी काही सांगायला नको.) दुकान बरेच दिवस तोट्यात होतं, कर्नलसाहेब पैसे भरत होते. पुढे फुलांच्या जोडीला भाजी ठेवली तेव्हा कुठे गल्ला भरू लागला. जांभळी नाक्यावर कुणीही हा सल्ला पहिल्याच दिवशी दिला असता.