पाककृतींच्या चॅनेलवर ६० टक्क्यांच्या वर प्रेक्षक तरुण पुरुष दिसतात, मग विषय बदलू का?

एवढ्यात बदलू नका. माझंही पाककृतींचं छोटं यूट्यूब चॅनेल आहे, सांगलीहून चालवते. पहिल्या वर्षी मी नेमका हाच शहाणपणा केला होता. २५ ते ३४ वयाचे पुरुष सगळ्यात जास्त दिसले म्हणून 'बॅचलर स्पेशल', 'दहा मिनिटांत डबा' असले सहा व्हिडिओ टाकले. सहाच्या सहा आपटले.

भानगड कळली ती कमेंट्समधून. थालीपिठाच्या भाजणीखाली एका मुलाच्या नावाने, बुलेटवर बसलेल्या फोटोसकट प्रश्न होता : 'ताई, धने बाकीच्या धान्याबरोबर भाजले तर करपतात, वेगळे भाजू का?' आणि खाली, 'मोबाइल मुलाचा आहे, मी आई बोलतेय.' मग जुन्या कमेंट्स चाळल्या. 'आईने विचारायला सांगितलंय', 'मिसेस विचारतेय', हेच सगळीकडे.

यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलचे आकडे दाखवणाऱ्या पानावर, दिसणारं वय आणि लिंग लॉग-इन असलेल्या खात्यांचं असतं. आणि आपल्याकडे घरातल्या बाईच्या फोनमध्ये जीमेल उघडून देतं कोण? मुलगा, नाहीतर मोबाइलचा दुकानदार. (माझ्या सासूबाई गूगलच्या लेखी १९९६ सालच्या आहेत.) लॉग-इन न करता बघणारे त्या आलेखात येतच नाहीत, आणि चॅनेल लहान असेल तर काही रकाने कोरेच राहतात.

मला त्यापेक्षा देशांची यादी कामाची वाटते. ती आयपी पत्त्यावरून, म्हणजे बघणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून बनते. व्हीपीएनवाले, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून जोडलोय असं भासवणारे, सोडले तर तिथे फारशी गल्लत होत नाही. माझ्या यादीत भारताखालोखाल अमेरिका निघाली, तेव्हा कुठे 'इथे गिरणी नाही हो' या कमेंट्सचा अर्थ लागला. तीच भाजणी मी परत केली. किलोचं प्रमाण सोडून वाटीचं घेतलं, धान्य पूर्ण गार करून मिक्सरवर थोडं थोडं दळलं, चाळलं, वरचा रवाळ चाळ पुन्हा फिरवला. 'तुमची वाटी केवढी?' असंही कुणीतरी विचारलं होतं, म्हणून वाटी पाण्याने भरून मोजून दाखवली, २०० मिली भरली. चॅनेलवर आजही सगळ्यात जास्त चालतो तो हाच व्हिडिओ.

प्रेक्षक कधी ऑनलाइन असतात तो जांभळा तक्ताही बघा, मागच्या २८ दिवसांचा असतो. माझा दुपारी २ ते ४ गडद आहे. भांडी आवरून जरा पाठ टेकायची वेळ. ऑफिसात बसलेला पोरगा त्या वेळी बिरड्याच्या वालाची सालं काढायला शिकत असेल असं मला वाटत नाही. बाकी तक्ता बघून मिनिटामिनिटाचा हिशोब करत बसू नका. व्हिडिओ किती वाजता टाकला यावर तो पुढे किती चालेल हे थेट ठरत असल्याचं दिसत नाही, असं यूट्यूब स्वतःच सांगतं.

एकाच ठिकाणी हा तरुण पुरुषांचा आकडा खरोखर आडवा येतो, तो म्हणजे जाहिरात. एका मसालेवाल्याने 'तुमच्याकडे लेडीज ऑडियन्सच नाही' म्हणून मला परत पाठवलं होतं. आता कुणी आलेख मागितला की मी आहे तसाच देते, आणि सोबत वीसेक कमेंट्सचे स्क्रीनशॉट जोडते, नावं झाकून. बुलेटवाल्याच्या आईची कमेंट सगळ्यात वर असते.